हलायचं नाही

हॉटेलच्या खोलीला किल्ली नव्हती, आणि ही गोष्ट आप्पांनी चार दिवस झाले तरी माफ केलेली नव्हती. दारावर एक काळी पट्टी, तिला एक कार्ड टेकवायचं, की हिरवा दिवा लागून दार उघडायचं. पन्नास वर्षं कुलपं दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला हा सरळसरळ अपमान वाटत होता. पहिल्याच दिवशी त्यांनी काउंटरवरच्या बाईंना चक्क मराठीतून सुनावलं, की ज्या दाराला भोक नाही ते दार नव्हे, ती भिंत. मुलं हसली, न कळून त्या बाईही हसल्या.

चौथ्या दिवशी, म्हणजे लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी, आई आंघोळ करून बाहेर आली तर आप्पा आतल्या बाजूने दाराशी उभे होते. बोटांनी दार वरून खाली चाचपत होते.

"काय करताय?" तिने विचारलं.

"मालक बाहेर गेलेत," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "कुलूप उघडून ठेवा म्हणाले. पण ते बसवलंय कुठं तेच सापडेना."

 तिने नेहमीच्या आवाजात आधी चहा घ्यायला सांगितलं, त्यांचा सदरा पुढे केला, बटणं लावून दिली. चहाचे दोन घोट पोटात गेले आणि आप्पा परत आले. खरंच, दुसरा शब्द नाही तिच्याकडे. ते असेच जायचे आणि असेच परत यायचे. आज काय आहे लक्षात आहे ना, असं तिने भीतभीत विचारलं, तर म्हणाले, जन्मठेपेच्या कैद्यालासुद्धा चौदा वर्षांनी सोडतात, माझीच सुटका कशी होत नाही. ती हसली. 

मग तिने हॉटेलच्या वहीतला एक कागद फाडला. त्यावर हॉटेलचं नाव, खोलीचा नंबर, दादा आणि खिटी या दोन्ही मुलांचे फोन असं सगळं लिहिलं आणि तो घडी करून आप्पांच्या कोटाच्या आतल्या खिशात सरकवला. रोज सकाळी ती हे करत होती. रोज रात्री तो कागद काढून, फाडून, टॉयलेटमध्ये टाकत होती.

अकरा महिने ही गोष्ट दोनच माणसांना माहीत होती, आईला आणि दादाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला. वहिनीला सांगावंच लागलं, कारण औषधांचं दुकान तिचं. चिठ्ठीवरचं गोळ्यांचं नाव वाचून तिने सासूकडे नुसतं पाहिलं होतं. आप्पांचं कुलपांचं दुकान पुढे कुणी चालवायचं यावरून जे रामायण झालं, त्यानंतर या दोघी एकमेकींशी मोजकंच बोलत. पण त्या दिवशी आईने काउंटरवर हात ठेवून म्हटलं, दादाला कळता कामा नये, खिटीला तर मुळीच नाही. अट आप्पांची होती. डॉक्टरांकडून येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत ते म्हणाले होते, "जमतील तितके दिवस मला त्यांचा बाप राहू दे." वहिनीने काही विचारलं नाही. गोळ्या काढून ताकदीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरून दिल्या, आणि तेव्हापासून दर महिन्याला ती बाटली न सांगता घरी येत होती.

या परदेशी सहलीला आईने जंग जंग पछाडून नाही म्हटलं होतं. गुडघे झाले, गळका नळ झाला, शेजारणीची मांजर झाली. पण तिकिटं खिटीने काढली होती, आणि खिटी वकील. तिच्यासमोर एकही सबब उभी राहिली नाही.

नाश्त्याला आप्पा रंगात होते. समोरच्या टेबलावर कुठल्याशा कुटुंबाचं पोर आईबापाला सोडून इकडेतिकडे पळत होतं, त्यावरून त्यांना प्रदर्शनाची गोष्ट आठवली. ती घरात हजारदा सांगून झालेली. खिटी सहा वर्षांची असताना गर्दीत हरवली, आणि दोन तास एका खांबाला पाठ लावून उभी राहिली. आप्पांनी मुलांना दोन नियम घालून दिले होते. हरवलं तर जागचं हलायचं नाही. आणि अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही. पोलीस आले, बिस्किटं घेऊन एक बाई आली, पण खिटीचं एकच, "मी नाही येणार, माझी माणसं येतील."

"आणि मी आल्यावर काय म्हणाली?" आप्पांनी टेबलावर बोट आपटलं. "रडणं नाही, काही नाही. म्हणे, किती उशीर केला."

सगळे हसले. एकही तपशील चुकला नव्हता. आईने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने आईकडे. आजचा दिवस निभावून जाईल, असं दोघींच्या मनात त्याच क्षणी आलं.

खिटीने आखलेली सहल म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक. तीन वाजता तटबंदी, पाच वाजता नदी, आठ वाजता जेवणाचं टेबल आणि चाळीस आकडा लिहिलेला केक. जुन्या शहराभोवती दगडी तट होता आणि त्याचा उत्तरेकडचा दरवाजा पाहायला जगभरची माणसं येत. आत बोगद्यासारखी लांब देवडी, आणि तिच्या दोन्ही भिंतींना टेकून उघडी ठेवलेली तीन मजली उंचीची लाकडी दारं. माणसं समोर उभी राहून फोटो काढत होती. आप्पा मान वर करून बघत होते. आईने त्यांचा हात धरला होता.

त्या हाताची चार दिवस चेष्टा चालली होती. म्हातारपणी बहर आलाय, दादा म्हणाला होता. खिटीने तर त्या दोन हातांचे किती फोटो काढले असतील याला गणती नाही. खिटीला ते बघून आतून फार बरं वाटत होतं. तिचं स्वतःचं लग्न तीन वर्षंही टिकलं नव्हतं. निदान या घरात कुणाला तरी हे साधलं, असं तिला वाटत होतं.

येताना गल्लीतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तिने माशाच्या आकाराचं पितळी कुलूप पाहिलं होतं. आप्पांसाठी ते घ्यायचं आणि केकबरोबर द्यायचं. आईने पसंत केलं तर आईकडून. तिने आईच्या कानात हे सांगितलं. आई म्हणाली, नंतर घेऊ. खिटी म्हणाली, नंतर दुकान बंद होईल. आईने हात सोडला नाही.

"अगं, दोन मिनिटं," खिटी म्हणाली. "तेवढ्यात काय पळून जाणार आहेत का?"

हे वाक्य पुढे तिला कित्येक वर्षं झोपेत ऐकू यायचं होतं.

दादा तीन पावलांवर फोनवर होता. तो लिफ्टच्या कंपनीत. कुठे लिफ्ट अडकली की याची सुट्टी संपली. खिटीने त्याला आप्पांवर लक्ष ठेवण्याची खूण केली, त्याने अंगठा दाखवला. ऊन होतं म्हणून आप्पांचा कोट वहिनीने हातावर घेतला होता, आणि वहिनी बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत, चौकापलीकडे पायऱ्यांवर उभी होती. आईने आप्पांना इथेच थांबायला बजावलं. हात सोडला.

दुकानदाराने कुलूप कागदात गुंडाळलं, मग दोरी बांधली, मग दोरीला गाठ. दोन मिनिटांची वीस झाली. त्या दारातूनच खिटीने दादाला फोन लावला. दादा चौकात होता, कारंज्यापाशी; देवडीत आवाज नीट येत नव्हता म्हणून बाहेर आला होता. आप्पा तुमच्यामागेच आले ना, असं त्यानेच विचारलं. वहिनीला फोन केला. तिच्याकडेही नव्हते. आप्पांचा फोन हॉटेलवर चार्जिंगला.

आता इथे दुसरं कुठलंही कुटुंब असतं तर धावत सुटलं असतं. या घरात तसं कुणी कधी केलेलं नव्हतं. यांच्यात शोधायला निघायचे ते आप्पा; बाकीच्यांनी फक्त उभं राहायचं. बाजारात, स्टेशनात, लग्नाच्या कार्यालयात, चाळीस वर्षं हेच चाललं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं. खिटीने फोनवर सांगून टाकलं, "आप्पा नाही हरवलेत, आपण हरवलोय. कुणी हलू नका. ते एकेकाला गोळा करत येतील."

आणि चौघंही आपापल्या जागी उभी राहिली. दादा कारंज्याशी, खिटी आणि आई दुकानाच्या दारात, वहिनी पायऱ्यांवर. आप्पा किती मिनिटांत येतात ते बघायला खिटीने मजेत घड्याळ लावलं.  आईला बोलायचं होतं, पण चाळीस वर्षांत तिने नवऱ्याला दिलेला एकच शब्द होता, जो खरोखर जड होता, आणि तो आजच्याच दिवशी मोडायचा. येतील, ती स्वतःला सांगत राहिली. सकाळी चहानंतर आले होते, तसे येतील.

अर्ध्या तासाने पायऱ्यांवर उभ्या असलेल्या वहिनीच्या बोटांना कोटाच्या आतल्या खिशातला कागद लागला. तिने तो उघडून वाचला. सासूचं अक्षर, मोठं, लहान मुलाला वाचता यावं असं.  आई सांगतील, असं म्हणून तिने दहा मिनिटं काढली, मग आणखी दहा. फोन वाजेना. हे शहर, ही भाषा, समोर चार रस्ते, खाली नदी, आणि त्या माणसाच्या खिशात त्याचं स्वतःचं नावसुद्धा नाही. तिचे पाय निघाले. ती या घरात जन्मली नव्हती, म्हणूनच बहुधा जागा सोडणं तिला जमलं.

वाटेत तिने दादाला दंडाला धरून जागचं हलवलं आणि दुकानाच्या दारात आणून उभं केलं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

खिटी हसत होती, ती थांबली. आईने पदराने तोंड पुसलं.

"ते शोधायला नाही येणार," आई म्हणाली. "आपण कोण हे त्यांना या घडीला आठवत असेल की नाही, देव जाणे."

वकील झालेल्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो, कधीपासून. आईने सांगितलं, अकरा महिने. निदान कुणी केलं, गोळ्या कोणत्या, दादाला माहीत होतं का. दादाला नव्हतं. तो बायकोकडे बघत होता.

"माझे वडील आहेत ते," तो म्हणाला.

"म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही," वहिनी म्हणाली. "त्यांना तुमच्यासमोरच लाज वाटत होती. माझ्यासमोर नाही."

आप्पांच्या दुकानाच्या भांडणापासून दादा आणि खिटी एकमेकांकडे धड बघत नव्हते. आता दोघं एका बाजूला होती आणि समोर या दोघी, एक सासू, एक सून. खिटीला वहिनीचा राग आला, मग आईचा, आणि मग तिला ते फोटो आठवले. चार दिवस आई त्या माणसाला बुडताना धरावं तसं धरून होती, आणि आपण म्हणत होतो, अजून एक, जरा हसा. 

"मला एकदा सांगितलं असतंस तर मी हात सोडायला लावला नसता," ती म्हणाली.

 साडेचार वाजले होते. खिटी आणि वहिनी पोलिसांच्या चौकीकडे गेल्या, दादा नदीकडे. जाता जाता खिटीने आईला दरवाजापाशी उभं केलं आणि म्हणाली, तू इथेच थांब, हलू नकोस. म्हणाली आणि स्वतःचेच शब्द ऐकून पाठ फिरवून चालू लागली.

नदीच्या पायऱ्यांवर गर्दी जमली होती. दादाने ती वरूनच पाहिली. वीसेक माणसं कठड्याला वाकून पाण्यात बघत होती, एक बाई तोंडावर हात ठेवून उभी होती. उतरायच्या पंचेचाळीस पायऱ्या असतील; दादाला त्या संपू नयेत असं वाटत होतं. मधल्या टप्प्यावर त्याने भिंत धरली. समोरच्या माणसांना खांद्याने बाजूला सारून तो पुढे गेला आणि पाण्यात पाहिलं. एक टोपी तरंगत होती. लांब दांड्याच्या आकड्याने एक नावाडी ती ओढत होता आणि टोपीची मालकीण टाळ्या वाजवत होती.

दादा तिथेच पायरीवर बसला. पोलिसांना पाठवायला म्हणून तो फोनमध्ये आप्पांचा चांगलासा फोटो शोधू लागला. चार दिवसांचे फोटो. प्रत्येकात आप्पा हसत होते, पण कॅमेऱ्याकडे बघून एकदाही नाही. प्रत्येक फोटोत ते आईकडे बघत होते, कुठं हसायचं ते तिच्याकडून समजून घेत असल्यासारखे. हे त्याने स्वतः काढलेले फोटो होते. त्याला रडू आलं. इथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते येऊ दिलं.

सहा वाजता तटाचे दरवाजे बंद होतात, अशी पाटी होती. साडेपाचनंतर गर्दी पातळ झाली. देवडीत ऊन नव्हतंच, आता उजेडही उतरू लागला. आई कमानीसमोर उभी होती. पाय सुजले होते, बसावंसं वाटत होतं, पण बसली नाही. तिला वाटत होतं, आपण बसलो की ते कुठेतरी पडतील. खिटीचा फोन आला की पोलिसांनी वर्णन घेतलंय, दवाखान्यांत विचारतायत. दवाखाना हा शब्द ऐकून तिने फोन कानापासून दूर धरला.

येता-जाता मुलांनी देवडी सहा वेळा पालथी घातली होती. आत, बाहेर, तटावर. आप्पांनी काय बघितलं असेल इथे, ती विचार करत होती. हात सोडला तेव्हा ते कुठे बघत होते? दाराकडे. बाकीची दुनियाही दाराकडेच बघत होती, समोरून.

लग्न झालं त्या वर्षी ती त्यांच्याबरोबर कामावर गेली होती. एका बंगल्याचं कुलूप अडकलं होतं. मालक कौतुकाने पितळेची नक्षी दाखवत होता आणि आप्पा त्या नक्षीकडे ढुंकून न बघता सरळ दाराच्या पाठीमागे गेले होते. नवख्या बायकोला कळावं म्हणून म्हणाले, कुलूप पुढून बघायचं नसतं. पुढून सगळीच चांगली दिसतात. त्याचं काय चाललंय ते मागून कळतं.

आईने उजवीकडच्या दाराकडे पाहिलं. ते प्रचंड दार भिंतीला टेकलेलं दिसत होतं, पण पूर्ण टेकलेलं नव्हतं. बिजागरीच्या बाजूला एक माणूस अंग चोरून शिरेल एवढी फट होती.

ती अंग चोरून आत शिरली. अंधार होता, जुन्या लाकडाचा वास होता. दोन पावलं आत, दाराच्या पाठीवर हाताएवढे जाड लोखंडी अडसर आणि पेटीएवढं कुलूप होतं. आणि त्याच्यासमोर, भिंतीला पाठ लावून, हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवून आप्पा उभे होते. जवळजवळ तीन तास. ओठ वाळले होते. पँट पुढून ओली होती. मुठीत, कायम खिशात असायचा तो जुन्या किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरलेला.

"अहो," आई म्हणाली.  "चला. चला आता."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत भीती होती, आणि भीतीच्या वर सभ्यपणा.

"नको बाई," ते म्हणाले. "तुम्ही जा. मला कुणाबरोबर जायचं नाहीये."

चाळीस वर्षांत अगं सोडून त्यांनी तिला दुसरं काही म्हटलं नव्हतं.

बाहेर पहारेकऱ्याने घंटा वाजवायला सुरुवात केली. धावत येणारी पावलं वाजली. फटीच्या तोंडाशी खिटी आली, तिच्यामागे दादा, वहिनी. खिटीने तोंड उघडलं, पण आईने मागे हात करून तिला थांबवलं. खिटीने वडिलांना पाहिलं, त्यांची भिंतीला लावलेली पाठ पाहिली, आणि तिला सगळं कळलं. घरात हे असं उभं राहणं तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती उलटी फिरली, पहारेकऱ्याच्या समोर जाऊन, पाच मिनिटं थांब अशा खुणेने पाच बोटं पसरून उभी राहिली, आणि तो काय बोलतोय ते न समजताही हलली नाही.

"कोण यायचंय तुम्हाला न्यायला?" आईने विचारलं.

"बायको येईल."

"येईल नक्की?"

"न येऊन जाते कुठं," आप्पा म्हणाले, आणि त्या अंधारातसुद्धा त्यांच्या आवाजाला थोडी धार आली. "हात सोडत नाही ती. आज कसा सुटला कोण जाणे. मी जागचा हललो नाही बघा. शोधत असेल बिचारी."

 आईचा हात पुढे जात होता, तो तिने मागे घेतला आणि आपल्याच दुसऱ्या हातात धरला. परक्या बाईने हात धरला तर ते घाबरतील.

"मग ती येईपर्यंत मी थांबू का इथे?" ती म्हणाली. "मलाही एकटीला भीती वाटते."

आप्पांनी विचार केला. नियमात बसतंय का ते पाहिलं.

"थांबा," ते म्हणाले. "पण हलायचं नाही."

आणि सरकून त्यांनी तिला भिंतीपाशी जागा करून दिली.